साळवेकाका आणि व्याह्यांचं आमेन

साळवेकाका कुणाच्याही घरात शिरले की आधी जमिनीकडे बघत, मग माणसांकडे. चपला काढायला वाकले की क्षणभर तसेच वाकलेले राहत आणि उठताना सांगत, "हॉलमध्ये दोन शेड मिसळल्यात." मिसळलेल्या असायच्याच. त्यानंतर त्या घरच्या माणसाला आपली जमीन पुन्हा एकसारखी दिसत नसे. माझ्या फ्रिजजवळच्या फरश्या बाकीच्यांपेक्षा किंचित पिवळ्या आहेत, हे मला त्यांच्यामुळे कळलं. अजूनही भाजी काढताना नजर तिकडे जाते.

त्यांचं कामच ते होतं. रास अल खैमाच्या एका सिरॅमिक कारखान्यात ते वर्षानुवर्षं शेड सॉर्टिंगला होते. एकाच डिझाइनच्या फरश्या भट्टीतून वेगवेगळ्या दिवशी निघाल्या की रंगात केसभर फरक पडतो. त्या जमिनीवर मांडायच्या, उभं राहून बघायचं आणि वेगळ्या करायच्या. पुढे कंपनीने त्यांना दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या गोदामावर आणलं, आणि ते, नलिनीकाकू आणि मुलगी रूथ आमच्या बिल्डिंगमध्ये, आमच्याच मजल्यावर राहायला आले.

साळवे मूळचे नगरचे, चार पिढ्यांचे ख्रिस्ती. आम्ही हिंदू, पुण्याचे. पहिल्याच आठवड्यात काकूंनी मला पुरणपोळी पाठवली आणि मी डब्यातून चकल्या परत दिल्या. एवढ्यावर आमचं जमलं. मी एका लॉजिस्टिक्स कंपनीत अ‍ॅडमिन बघते. बिल्डिंगमधलं बारसं असो की फेअरवेल, यादी माझ्याकडे येते. काका मला मेधाताई म्हणत. काही आयोजन असलं की "मॅनेजरबाई".

काकांचा एक ठरलेला प्रश्न होता: "हे कुणाला लिहिलंय?" लिफ्टमध्ये नोटीस लागली की बाल्कनीत कपडे वाळत घालू नयेत, की काका चष्मा वर करून वाचणार आणि वॉचमनला विचारणार, "भाई, ये किसको लिखा है? मेरे पास तो बाल्कनीच नहीं है." व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी उपदेश पाठवला की उत्तर जायचं, "कुणाला लिहिलंय?" लोक चिडायचे. पण काका हा प्रश्न शास्त्र, म्हणजे बायबल, वाचतानाही विचारत आणि तिथे गंभीर असत. त्यातलं अमुक पत्र कुठल्या गावच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या चर्चच्या लोकांना, लिहिलं, तिथे तेव्हा काय भांडण चाललं होतं, हे आधी बघायचं. सगळं आपल्यालाच उद्देशून आहे असं धरून वाचलं की माणूस दुसऱ्याची औषधं घेतो, असं ते म्हणत.

मी एकदा सहज म्हटलं, मग जे तुम्हाला लिहिलेलं नाही ते वाचता कशाला? काका म्हणाले, वडिलांचं पत्र थोरल्या भावाच्या नावाने आलं, तर धाकट्याने ते वाचू नये का? पाकिटावर नाव त्याचं असेल, अक्षर तर वडिलांचं आहे.

शुक्रवारी ते जेबेल अलीच्या चर्च आवारातल्या एका खोलीत भरणाऱ्या मराठी उपासनेला जात. तिथे गोलात बसून प्रत्येकाने एकेक वचन वाचायची पद्धत होती, ज्याने त्याने आपापल्या प्रतीतून. मी एकदा काकूंसोबत गेले होते, नाताळच्या जेवणाची व्यवस्था बघायला, तेव्हा ऐकलं. एकाच परिच्छेदात एकाने 'परमेश्वर' वाचलं, शेजारच्याने 'यहोवा', वसईच्या एका बाईंनी नुसतं 'देव', आणि मुलांनी 'द लॉर्ड'. मला वाटलं, प्रती चुकल्या. काकांनी नंतर समजावलं. मूळ इब्री, म्हणजे हिब्रू, शास्त्रात देवाचं एक नाव येतं. यहुदी लोक आदरापोटी ते उच्चारत नसत, वाचताना त्या जागी 'प्रभू' म्हणत. मराठीत काहींनी ते नाव जसंच्या तसं ठेवलं, काहींनी त्या जागी परमेश्वर छापलं. काकांच्या आजोबांच्या जुन्या प्रतीत यहोवा छापलेलं होतं, पण आजोबा मोठ्याने वाचताना तिथे अर्धा श्वास थांबत आणि 'परमेश्वर' म्हणत. काकाही थांबत.

त्यांच्या गोदामावर मिना नावाचा इजिप्शियन फोरमन होता, पिढीजात ख्रिस्ती. काकांनी त्याला एकदा घरी जेवायला बोलावलं आणि जेवणाआधी प्रार्थना करायला सांगितली. त्याने अरबीत केली, आणि त्यात अर्थातच 'अल्ला' आलं. मंडळीतले दोन पाहुणे डोळे उघडून एकमेकांकडे बघायला लागले. एकाने नंतर हळूच विचारलं, हा माणूस नक्की आपल्यातला आहे ना? काका भात वाढता वाढता म्हणाले, ह्याच्या घराण्यात येशूचं नाव पोचलं तेव्हा तुमचे-माझे पूर्वज कुठे होते ते आपण दोघंही सांगू शकत नाही. त्याच्या भाषेत देवाला दुसरा शब्दच नाही, तो काय करेल?

सगळ्यांना वाटायचं, काका आता फरशीचं उदाहरण देतील. वेगवेगळ्या शेड, पण माती एक, वगैरे. चर्चच्या पाळकांनी एकदा तसा प्रवचनात वापर केलाही. काकांना ते मुळीच आवडलं नाही. "फरशी मेलेली असते, ताई," ते मला म्हणाले. "तिला कुठेही बसवा, ती काही बोलत नाही. माणूस बोलतो."

हे सगळं गमतीगमतीत चाललं होतं. मग रूथने सॅमशी लग्न करायचं ठरवलं.

सॅम चांगला मुलगा. दुबई मरीनातल्या एका ऑफिसात नोकरी, बोलणं मऊ, आल्यावर वाकून काकांच्या पाया पडला आणि लगेच म्हणाला, "अंकल, टाइल्स बघू नका, माझे सॉक्स फाटलेत." काका खूश. अडचण त्याच्या वडिलांची होती. योसेफ भोसले यांचा रास अल खैमात एसी बसवायचा धंदा होता आणि ते एका लहानशा मंडळीचे वडील, म्हणजे प्रमुखांपैकी एक होते. त्या मंडळीचं म्हणणं दोन वाक्यांत सांगता येतं. देवाने यहोवा हे आपलं नाव स्वतः सांगितलं आहे, तेव्हा प्रार्थना त्याच नावाने झाली पाहिजे. आणि शास्त्रातली वचनं, आशीर्वाद, हे त्या नावाने हाक मारणाऱ्यांना दिलेले आहेत. बाकीच्यांनी ते आपले समजू नयेत. त्यामुळे दुसऱ्यांच्या प्रार्थनेला ती माणसं 'आमेन' म्हणत नसत. डोळेही मिटत नसत. नम्रपणे बसून राहत.

बोलणी करायला आम्ही चौघं, रूथसकट, रास अल खैमाला गेलो. काका गाडी चालवत नसत, म्हणून मी. भोसल्यांच्या दारात काका वाकले, जमीन बघितली आणि पहिल्यांदाच काही बोलले नाहीत. "एकच शेड," परतताना गाडीत म्हणाले, जरा नाराजीनेच.

भोसले उंच, सरळ बसणारे गृहस्थ होते. आवाज चढवत नव्हते. चहा झाल्यावर त्यांनी आपलं म्हणणं मांडलं. काकांनी विचारलं, आमच्या घरी तीनशे पासष्ट दिवस प्रार्थना होते, ती काय वाऱ्यावर जाते? भोसले म्हणाले, "साळवेसाहेब, बापाचं नाव ठाऊक असताना त्याला 'अहो मालक' म्हणून हाक का मारायची?"

"मी माझ्या वडिलांना कधी नावाने हाक मारली नाही," काका म्हणाले. "मारली असती तर कानफटात बसली असती."

सॅमची आई हसली आणि लगेच गप्प झाली. तेवढ्यात नलिनीकाकूंनी तोंड उघडलं. "लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांचं नाव मी उखाण्याशिवाय कधी घेतलं नाही. म्हणून नवरा कोण हे विसरले का मी?"

भोसल्यांनाही हसू आलं, पण ते आपल्या मुद्द्यावरून हलले नाहीत. शेवटी त्यांनी दोन गोष्टी मान्य केल्या: साखरपुडा एका हॉटेलच्या हॉलमध्ये होईल, आणि दोन्ही वडील आपापली प्रार्थना करतील. एक गोष्ट त्यांनी आधीच सांगून ठेवली, फसवणूक नको म्हणून. साळव्यांच्या प्रार्थनेला त्यांच्याकडून आमेन येणार नाही.

रूथने हे ऐकलं आणि परतीच्या वाटेवर मागच्या सीटवरून म्हणाली, "देन आय वोन्ट डू इट." ती इथे वाढलेली, रागावली की इंग्रजीत. बाप प्रार्थना करतोय आणि अर्धा हॉल डोळे उघडे ठेवून छताकडे बघतोय, असला साखरपुडा तिला नको होता. सॅमशिवाय दुसऱ्या कुणाशी लग्नही नको होतं. काकू म्हणाल्या, बघू.

तयारी माझ्याकडे होती. हॉल, जेवण, अंगठ्यांचं ताट, फोटोवाला. कार्यक्रमपत्रिकेत मी लिहिलं: मुलाकडची प्रार्थना, मुलीकडची प्रार्थना, लगेच अंगठ्या. 'लगेच' खाली रेघ मारली. मला वाटत होतं की शांततेला जागाच ठेवली नाही म्हणजे झालं.

दोन दिवस आधी काका आमच्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. हातात माझी पत्रिका होती.

"ताई, आमेन आलं नाही तर?"

मी सांगितलं, तुमची प्रार्थना संपली की मी हॉटेलवाल्याला खूण करते, तो त्याच क्षणी म्युझिक लावेल. काका हसले. मग मी म्हटलं, मी म्हणते ना आमेन, अगदी मोठ्याने, आमचे हेही म्हणतील. काका म्हणाले, तुम्ही म्हणालच हो. पण ते माझ्याकडचं झालं. ते तिथेच स्टुलावर बसले आणि त्यांनी मला समजावलं की आमेन म्हणजे शाबासकी नाही. 'माझंही हेच मागणं आहे' असं त्यात दुसरा माणूस म्हणतो. रूथ ज्या घरात जाणार, त्या घराने 'आमचंही हेच मागणं आहे' असं म्हटलं नाही, तर उद्या ती तिथे एकटी पडेल. पुढे तिला शिकवतील की तुझ्या बापाच्या घरची प्रार्थना देवापर्यंत पोचतच नव्हती. ती आज ऐकणार नाही. पण दहा वर्षांनी, मुलंबाळं झाल्यावर? मग ती आमच्याकडे जेवायला येईल आणि प्रार्थनेच्या वेळी डोळे उघडे ठेवून बसेल.

मी विचारलं, मग तुम्ही त्या दिवसापुरतं ते नाव का घेत नाही? शास्त्रात आहेच की. काकांनी हातातल्या पत्रिकेची घडी घातली. मग म्हणाले, घेऊन बघितलं, काल बाथरूममध्ये दार लावून. जीभ थांबते. भोसल्यांना खूश करायला घेतलं तर ते नाव घेणं नव्हे, वापरणं झालं.

साखरपुड्याच्या दिवशी हॉल भरला. डावीकडे भोसल्यांची मंडळी, उजवीकडे आमची. मधली वाट फोटोवाल्यासाठी मी ठेवली होती, पण ती भलतीच रुंद दिसत होती.

भोसले उठले. त्यांनी स्वच्छ, सुंदर प्रार्थना केली, दर वाक्यात त्या नावाने हाक मारत. दोन्ही मुलांसाठी मागितलं ते मनापासून होतं, मलाही कळलं. ती संपली तेव्हा डावीकडून जोरात आमेन आलं. उजवीकडे आमच्या उपासनेतले दोन ज्येष्ठ हातातल्या पाण्याच्या ग्लासांकडे बघत बसले. काकांनी मात्र स्पष्ट आवाजात आमेन म्हटलं. काकूंनीही म्हटलं. ज्येष्ठांपैकी एकाने मान वळवून काकांकडे बघितलं. काकांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

मग काका उभे राहिले. रूथ अंगठ्यांच्या ताटाकडे बघत होती. माझा हात म्युझिकवाल्याला खूण करायला तयार होता.

काकांनी नेहमीच्या शब्दांत सुरुवात केली. हे परमेश्वरा. आभार मानले, सॅमचं नाव घेऊन मागितलं, त्याच्या आईचं नाव घेऊन मागितलं. डावीकडचे लोक नम्रपणे, उघड्या डोळ्यांनी बसले होते. मग काका थांबले. मला वाटलं, विसरले.

"माझी मुलगी ह्या घरात चालली आहे," ते म्हणाले. "हे लोक तुला ज्या नावाने हाक मारायला तिला शिकवतील, त्या नावाने तिची हाक ऐक. मी तिला शिकवलेलं ती विसरली, तरी ऐक."

आणि ते खाली बसले. शेवटी आमेन म्हणायचंही त्यांनी दुसऱ्यांवर सोडलं.

काकूंनी पदर तोंडाला लावला होता, त्यांना म्हणता येईना. मी म्हणणार होते, कबूल केल्याप्रमाणे, पण 'ते माझ्याकडचं झालं' हे काकांचं बोलणं आठवलं आणि मी थांबले. म्युझिकवाला माझ्याकडे बघत होता. मी हात हलवला नाही.

भोसल्यांनी डोळे मिटले होते. कधी मिटले ते मी बघितलं नाही.

"आमेन," ते म्हणाले. मग जरा थांबून, डोळे न उघडता: "आणि तिच्या बापाचीही ऐक."

त्याला पहिलं आमेन सॅमच्या आईचं आलं. मग डावीकडून, उजवीकडून, एकसारखं कुणाचंच नाही, कुणी आधी कुणी मागून. त्या ज्येष्ठांनीही ग्लास खाली ठेवले. रूथ रडायला लागली आणि सॅमने रुमाल म्हणून तिला हॉटेलचा नॅपकिन दिला. मला इतकं सुटल्यासारखं झालं की अंगठ्यांच्या आधीच मी जेवण लावायला सांगितलं. पत्रिकेतला माझा तो एकमेव गोंधळ. बिर्याणी आली, लोक उठले, आणि अंगठ्या रायत्याच्या वासात घातल्या गेल्या.

जेवताना कुणीतरी रूथला नाव घ्यायचा आग्रह केला. तिला कुठला उखाणा येतोय. मग काकूंनीच ताट बाजूला ठेवलं:

"रास अल खैमाच्या फरश्या, दुबईच्या इमारती,
बेन्यामीनरावांचं नाव घेते, व्याह्यांनो, पुरे हुज्जती."

भोसले मोठ्याने हसले. काका लाजले, तसं मी त्यांना एकदाच बघितलं.

सगळं गोड झालं असं मी लिहिणार नाही. भोसल्यांना त्यांच्या मंडळीत त्या एका वाक्याबद्दल जाब द्यावा लागला. सॅमने सांगितलं की ते तिथे म्हणाले, ज्या बापाने मुलगी देताना एवढं मागितलं त्याचं देव ऐकत नसेल, तर माझं कशाच्या जोरावर ऐकेल? त्यांचं वडीलपद काही महिने गेलं, मग परत मिळालं. इकडे आमच्या ज्येष्ठांनी काकांशी बोलणं कमी केलं. काकांना त्याचं वाईट वाटलं नाही. त्यांच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं, म्हणाले, फक्त मुलगी माझी आहे. आणि भोसल्यांचं मत बदललं, असं कुणी सुचवलं की काका लगेच दुरुस्त करत. त्यांचं मत तेच आहे, माझंही तेच आहे.

लग्नानंतर मी एकदा रूथला विचारलं, तू आता काय म्हणतेस? ती म्हणाली, "डिपेंड्स हू इज लिसनिंग, आंटी. आय मीन, पप्पा ऑर डॅडी." पप्पा म्हणजे काका, डॅडी म्हणजे सासरे.

काका मागच्या वर्षी रिटायर झाले आणि दोघं नगरला परत गेले. विमानतळावर सोडायला मी गेले, पासपोर्ट, औषधं, वजनकाटा, सगळी यादी खुणा करून. सामान भोसल्यांच्या एसीच्या पिकअपमध्ये होतं. ते रास अल खैमाहून मुद्दाम आले होते. रूथ आणि सॅम पुढे रांगेत काकूंजवळ होते. व्याही मागे, ट्रॉलीला दोन्ही बाजूंनी धरून, उभे. शास्त्राच्या नंतरच्या भागात, म्हणजे नव्या करारात, ते नाव मुळात होतं आणि पुढे काढलं, असं भोसल्यांचं म्हणणं. एकाही जुन्या ग्रीक हस्तलिखितात ते दाखवा, असं काकांचं. लोक ट्रॉल्या वळवून त्यांच्या बाजूने जात होते.

मी घड्याळ दाखवलं. "यल्ला, काका. खलास. काउंटर बंद होईल."

काकांनी मला तळहात दाखवला. "थांबा ताई, ह्यांचं हे चुकतंय."

शेवटी काकूंनी येऊन त्यांची बाही धरली आणि त्यांना आत नेलं. काचेच्या पलीकडे गेल्यावर काका वळले आणि काहीतरी बोलले. ऐकू येण्यासारखं नव्हतं. पण भोसल्यांना कळलं असावं, कारण त्यांनी जोरजोरात नाही अशी मान हलवली. काकांनी बोट वर केलं, तेवढ्यात मागून कुणाची तरी बॅग आली आणि ते गर्दीत दिसेनासे झाले.

भोसले काचेजवळून हलले नाहीत.

"पोचल्यावर फोन करतो म्हणालाय," ते मला म्हणाले. "तेव्हा सांगतो त्याला."